शेऱ्याचा रकाना

ग्रंथालयाच्या दारात कागद लावलाय.
नोव्हेंबर. तीस दिवस. पन्नास हजार शब्द. एक कादंबरी.
खाली दोऱ्याला बांधलेली पेन्सिल
आणि आतापर्यंत चार नावं:
शाळेतला डेल्बर्ट, बेकरीतली मेरिट,
एक न लागणारी सही,
आणि ऑस्मो निएमी, वय एक्याऐंशी,
ज्याने नावापुढे बारीक अक्षरांत लिहिलंय, जगलो तर.

मी तिथेच उभ्याउभ्या भागाकार केला.
रोज सोळाशे सदुसष्ट.
दुधाच्या रतिबासारखे, खाडा चालणार नाही,
टर्की भट्टीत असेल त्या गुरुवारीही नाही.

मी पूल उचलते.
म्हणजे बटण दाबते, नऊशे टन लोखंड आपलं आपण वर जातं
आणि सुपीरियर सरोवरातून एखादं जहाज
माझ्या पायांखालून सरकतं,
गल्लीतून अवजड कपाट न्यावं तसं, जपून.
कप्तान भोंगा देतो. एक लांब, दोन आखूड.
मी तेच परत देते.
मग वहीत: नाव, वेळ, दिशा.
चौथा रकाना शेऱ्याचा.
बावीस वर्षं त्यात मी लिहितेय, निरंक.

रॉय म्हणाला, तुझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे?
टोमणा नव्हता. तोंडात बटाटा होता,
त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.
मी मीठ पुढे सरकवलं.

तसं माझं आरंभशौर्य गावाला माहीत आहे.
कयाक गॅरेजात पालथी पडलीय,
तिच्यात उंदरीण दोनदा बाळंत झाली.
आजीची फिनिश भाषा अकराव्या धड्यात थांबली,
तेवढ्यावर मी एवढंच म्हणू शकते,
हे बूट माझ्या मावशीचे आहेत.
मावशी नाही. बूटही नाहीत.
वाक्य मात्र अजून बिनचूक येतं.

एकोणतीस ऑक्टोबर, पहाटेचे तीन दहा. धुकं.
मी वहीत लिहिलं:
आत येणारं. नाव दिसलं नाही.
डेकवर बाई, हातात पिंजरा, पिंजऱ्यात काही नाही.
मग मान वर केली.
कालवा रिकामा. पूल खालीच.
त्यावरून पाव घेऊन जाणारी एकुलती एक गाडी,
तिला कोणी थांबवलं नव्हतं.

सरकारी वहीचा नियम असा:
चुकीची नोंद खोडरबराने पुसू नये.
एकच आडवी रेघ मारावी,
खालचं वाचता येईल अशी,
आणि शेजारी आद्याक्षरं.
मी रेघ मारली. आद्याक्षरं घातली.
खालचं वाचता येत होतं.

बारा शब्द.
उरले एकोणपन्नास हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी.
पण कागदावर हेही छापलंय,
एक तारखेआधीचे शब्द धरले जाणार नाहीत.
बरं, नका धरू.
पण ती बाई थंडीत उभी आहे,
अंगात पातळ कोट,
आणि पूल उचलणारी मीच.

शनिवारी गेले तेव्हा ऑस्मो दारातच होता,
चाकूने पेन्सिलीला टोक काढत.
म्हटलं, तुमची कशावर आहे?
ठरलं नाही, म्हणाला. एक गाढव नक्की आहे.
टोकावर फुंकर घातली, पेन्सिल माझ्याकडे धरली.
दोरा आखूड. मला वाकावं लागलं.

मी आ काढला, त्यावर रफार द्यायला हात उचलला,
तेवढ्यात सरोवरावरून भोंगा.
एक लांब, दोन आखूड.
आज माझी पाळी नव्हती.
तरी सवयीने अंगठा खाली दाबला गेला
आणि टोक मोडलं.

ऑस्मो काही बोलला नाही.
त्याने पुन्हा चाकू उघडला.